दहा लाख शेजाऱ्यांतील एक इलेक्ट्रॉन

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत साखरखेर्डा येथे दिलेले व्याख्यान)



साखरखेर्ड्यात येणाऱ्या वक्त्याला १७२४ च्या लढाईवर बोलणे सोयीचे असते. निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांच्या फौजा त्या वर्षीच्या ऑक्टोबरात येथेच भिडल्या, मुबारिजखान पडला आणि दख्खनची सत्ता निजामाकडे गेली, हे आपणांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. विश्वस्तांनी मला विषय निवडण्याचे स्वातंत्र्य दिले आणि त्या स्वातंत्र्याचा मी थोडा गैरफायदा घेत आहे. आजचा विषय आहे एका इलेक्ट्रॉनची एकाग्रता. ती त्याच्या शेजारच्या अणुकेंद्रकांमुळे कशी मोडते आणि त्या केंद्रकांना शिस्त लावून ती कशी वाढविता येते, हे मला सांगावयाचे आहे.

या निवडीमागे एक जुने ऋण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी पर्युषण पर्वातील एका व्याख्यानात मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते, की आधुनिक विज्ञानाला आज जो अणू सापडला तो आपल्या आचार्यांनी केव्हाच सांगून ठेवला आहे. टाळ्या भरपूर मिळाल्या. कार्यक्रम संपल्यावर दहावी-अकरावीतला एक मुलगा जवळ आला आणि नम्रपणे म्हणाला, "सर, मग आपल्या परमाणूला स्पिन असतो का?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. भौतिकशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने तसे करावयास नको होते. प्रामाणिक उत्तर असे आहे: जैन दर्शनातील परमाणू अविभाज्य आहे. त्याला एक रस, एक गंध, एक वर्ण आणि दोन स्पर्श सांगितलेले आहेत. स्पिन हा गुण त्यात नाही. शाळेत आपण ज्याला अणू म्हणतो तो तर फोडता येतो. ही दोन वेगळ्या विचारविश्वांतील नावे आहेत आणि त्यांची मोट बांधल्याने दोघांपैकी कोणाचाच मान वाढत नाही. आज मी दर्शनातील काही शब्द वापरणार आहे, पण ते उपमा म्हणून. पुरावा म्हणून नव्हे.

आता स्पिन म्हणजे काय ते पाहू. आपल्यापैकी अनेकांच्या घरातील कोणीतरी कधी ना कधी अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जाऊन एम.आर.आय. काढून आले असेल. त्या बोगद्यासारख्या यंत्रात एक मोठे चुंबक असते. आपल्या शरीरातील पाण्यात हायड्रोजन आहे, त्या हायड्रोजनचे केंद्रक हे स्वतः एक अतिसूक्ष्म चुंबक आहे, आणि मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रात ते कललेल्या भोवऱ्यासारखे घिरट्या घेते. या उपजत भोवरेपणाला स्पिन म्हणतात. शब्द फसवा आहे, कारण केंद्रक किंवा इलेक्ट्रॉन खरोखरच चेंडूसारखा गरगर फिरत नाही. परंतु भोवऱ्याचे चित्र आपल्या आजच्या कामापुरते पुरेसे आहे.

या विद्येत आपल्या देशाचे नाव पहिल्या दिवसांपासून आहे, आणि ते फारसे घेतले जात नाही. १९५१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी दाखवून दिले, की अल्कोहोलच्या एकाच रेणूतील हायड्रोजनची केंद्रके तीन वेगवेगळ्या सुरांत बोलतात. शेजारी कोण बसला आहे त्यावर केंद्रकाचा सूर बदलतो. यांतील श्री. शं. धर्मट्टी हे पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तेथे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाची प्रयोगशाळा उभी केली. शेजाऱ्यामुळे स्पिनचा सूर बदलतो, ही गोष्ट लक्षात ठेवावी. रसायनशास्त्रज्ञाला तिचा लाभ झाला. आपल्या आजच्या इलेक्ट्रॉनला मात्र तिचाच जाच आहे.

तो इलेक्ट्रॉन कोठे आहे? गॅलियम आर्सेनाइड नावाच्या अर्धसंवाहक स्फटिकात. स्फटिकाच्या पृष्ठभागावर धातूचे अतिसूक्ष्म पट्टे बसवून, त्यांना योग्य विद्युतदाब देऊन, आत अशी खळगी तयार करतात की तिच्यात नेमका एकच इलेक्ट्रॉन अडकून राहावा. खळगीची रुंदी काही दशक नॅनोमीटर. आणि एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर असतात. हिला क्वांटम डॉट, म्हणजे पुंजबिंदू म्हणतात. (२०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या रंगीत पुंजबिंदूंना मिळाले ती याच कुळातील दुसरी शाखा.) १९९८ मध्ये डॅनियल लॉस आणि डेव्हिड डिव्हिन्सेन्झो यांनी सुचविले, की अशा एकाकी इलेक्ट्रॉनचा स्पिन हा पुंज-संगणकाचा मूलघटक होऊ शकेल. नेहमीच्या संगणकातील घटक शून्य असतो किंवा एक. हा स्पिन वर, खाली किंवा दोहोंच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो, आणि त्या मिश्रणातच त्याचे सामर्थ्य आहे.

पण ते मिश्रण टिकले पाहिजे. ते जितका वेळ टिकते त्याला सुसंगतीकाल म्हणतात. आपण सामायिकाला बसतो ती ४८ मिनिटे. चित्त त्यातील किती क्षण खरोखर स्थिर असते हे ज्याचे त्याला ठाऊक. २००५ साली हार्वर्ड विद्यापीठात पेट्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडमधील इलेक्ट्रॉनांच्या जोडीवर मोजमाप केले, तेव्हा ही सुसंगती सुमारे १० नॅनोसेकंद भरली. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील दहा.

दोष कोणाचा? इलेक्ट्रॉन एकटा आहे असे मी म्हटले, ते अर्धसत्य होते. खळगीत दुसरा इलेक्ट्रॉन नाही, परंतु त्याची लाट जेथवर पसरलेली असते तेथे सुमारे दहा लाख अणू आहेत. गॅलियमची स्थिर समस्थानिके दोन, आर्सेनिकचे एक. या तिन्हींच्या केंद्रकांना स्पिन आहे. म्हणजे दहा लाख छोटी चुंबके. प्रत्येकाची शक्ती इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाच्या सुमारे हजाराव्या हिश्श्याइतकी, पण संख्या मोठी. सगळी एका दिशेला वळली, तर इलेक्ट्रॉनला सुमारे ५ टेस्लाचे क्षेत्र जाणवेल, इस्पितळातील एम.आर.आय. यंत्र साधारणतः दीड किंवा तीन टेस्लाचे असते. प्रत्यक्षात ती वेडीवाकडी पडलेली असतात. बाजारच्या दिवशी दहा लाख माणसांपैकी प्रत्येकाने नाणे उडवून 'डावीकडे' किंवा 'उजवीकडे' असे ओरडावे, तसे. दोन्ही बाजू बहुतेक एकमेकींना खोडून काढतात, पण पूर्ण नाही. दहा लाखांचे वर्गमूळ हजार. तेवढ्यांचा फरक कोणत्या तरी बाजूला उरतो. त्यामुळे ५ टेस्लाच्या ठिकाणी त्याचा हजारावा भाग शिल्लक राहतो, आणि तोही पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या शंभरेक पट भरतो.

कोणी म्हणेल, स्फटिक थंड करा, सगळे शांत होईल. हे प्रयोग निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम एक दशांश अंश, किंवा त्याहूनही कमी तापमानाला होतात. इलेक्ट्रॉनसाठी ती थंडी पुरेशी आहे. केंद्रकांची चुंबकीय ऊर्जा इतकी क्षुल्लक, की त्यांच्या हिशेबाने तो अजून भर उन्हाळाच आहे.

आता या विषयाची खरी गंमत सांगतो. दहा नॅनोसेकंदांत इलेक्ट्रॉन बिघडतो, असे वरवर दिसते. वस्तुस्थिती वेगळी आहे. केंद्रकांचे क्षेत्र अत्यंत मंद गतीने बदलते. इलेक्ट्रॉनच्या एका फेरीच्या काळात ते जवळजवळ स्थिरच असते. इलेक्ट्रॉन आपली घिरटी इमानाने घेत असतो. अडचण अशी, की आज केंद्रकांचा कौल एका बाजूला, थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूला, आणि प्रयोग तर हजारो वेळा करून त्याची सरासरी घ्यावयाची असते. प्रत्येक वेळी घिरटीचा वेग निराळा, आणि तो आपणांस ठाऊक नाही. गमावलेली सुसंगती बव्हंशी आपल्या अज्ञानात गमावलेली असते. हे एकदा कळल्यावर संशोधकांची उमेद वाढली. कारण मंद गतीने बदलणारी गोष्ट मोजता येते आणि मोजता आली तर आवरताही येते.

पहिला उपाय जुना आहे. १९५० मध्ये अर्विन हान यांनी तो केंद्रकांसाठी शोधला आणि एम.आर.आय. मध्ये तो रोज वापरला जातो. असे समजा, की मंदिराच्या दारातून वीस बैलगाड्या एकाच वेळी निघाल्या. कोणाचे बैल जलद, कोणाचे संथ. तासाभराने त्या रस्त्यावर लांबवर पांगलेल्या असतील. त्याच क्षणी सर्वांना हाक गेली, की जेथे असाल तेथून वळा. जलद गाडी जास्त लांब गेली होती, पण परतही जलदच येते. आणखी बरोबर एका तासाने विसाच्या वीस गाड्या एकदम दारात उभ्या! कोणाचा वेग किती हे कोणालाही ठाऊक असण्याची गरज पडली नाही. याला स्पिन-प्रतिध्वनी म्हणतात. पेट्टा यांच्या त्याच प्रयोगात या युक्तीने दहा नॅनोसेकंदांचा काळ एक मायक्रोसेकंदाच्या पुढे, म्हणजे शंभर पट गेला.

वाटेत एखाद्या बैलाची चाल बदलली, तर हिशेब चुकतो. म्हणून एकच हाक न देता वारंवार द्यावयाची. २०११ मध्ये ब्लूम, याकोबी आणि सहकाऱ्यांनी एका हाकेने ३० मायक्रोसेकंद आणि सोळा हाकांनी २०० मायक्रोसेकंदांहून अधिक काळ मिळविला. २०१७ मध्ये कोपनहेगनच्या गटाने त्याही पुढे जाऊन हाकांमधील अंतर गॅलियमच्या दोन आणि आर्सेनिकच्या एका समस्थानिकाच्या घिरट्यांशी जुळवून घेतले आणि ८७० मायक्रोसेकंदांपर्यंत मजल मारली. हाका सारख्या अंतराने द्याव्यात की असमान, हाही एक स्वतंत्र अभ्यास आहे. पुण्याच्या आयसर संस्थेत टी. एस. महेश यांच्या गटाने द्रवातील रेणूंच्या केंद्रकांवर असमान अंतराच्या हाका देऊन, दोन केंद्रकांमधील पुंजबंध अधिक काळ टिकवून दाखविला. ते काम २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. येथून पुण्याला रात्रीच्या बसने जाता येते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

मात्र या सर्व उपायांत केंद्रके जशी होती तशीच राहिली. गोंगाट चालूच आहे, आपण कानांवर हात ठेवून वेळ साधली एवढेच. दुसरा मार्ग केंद्रकांनाच आवरण्याचा. आपल्या भाषेत बोलावयाचे तर आस्रव थांबविण्याचा, म्हणजे संवराचा.

आपल्याकडे विजेचा दाब कसा वरखाली होतो ते सांगावयास नको. त्यासाठी आपण घरात स्टॅबिलायझर बसवितो. तो सतत दाब मोजतो, आणि कमी-जास्त दिसला की दुरुस्त करतो. २०१० मध्ये ब्लूम आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉनलाच आपल्या शेजाऱ्यांचा स्टॅबिलायझर केले. इलेक्ट्रॉन आपला स्पिन उलटवून एखाद्या केंद्रकाला आपले वळण देऊ शकतो. या देवघेवीचे बीज अल्बर्ट ओव्हरहाउसर यांनी १९५३ मध्येच सांगितले होते. प्रयोगात इलेक्ट्रॉनला काही काळ केंद्रकांच्या क्षेत्रात घिरट्या घेऊ देतात. त्याने किती घिरट्या घेतल्या त्यावर पुढे केंद्रकांना धक्का द्यावयाचा की नाही हे आपोआप ठरते. क्षेत्र योग्य असेल तर धक्का नाही, ढळले तर धक्का. मध्ये कोणा माणसाला बसून आकडे वाचावे लागत नाहीत. सुसंगती १४ वरून ९४ नॅनोसेकंदांवर गेली. आकडा लहान वाटेल, पण येथे प्रतिध्वनीची एकही हाक दिलेली नाही, हे लक्षात घ्यावे.

२०१४ मध्ये त्याच प्रयोगशाळेतील शुलमन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक साधी गोष्ट केली. घरातले घड्याळ पाच मिनिटे पुढे आहे हे ठाऊक असले, की आपण ते दुरुस्त न करताही गाडी गाठतो. त्यांनी केंद्रकांचे क्षेत्र झपाट्याने मोजले आणि ते बदलण्याआधीच इलेक्ट्रॉनचे नियंत्रण त्या मोजमापाप्रमाणे जुळवून घेतले. सुसंगती दोन मायक्रोसेकंदांच्या वर गेली. मला हा प्रयोग सर्वांत आवडतो. त्यात शेजाऱ्याला हातही लावलेला नाही. त्याला ओळखले आहे, इतकेच.

प्रकाशाने चालणाऱ्या पुंजबिंदूंची हकीकत वेगळी आणि अधिक चमत्कारिक आहे. २००७ मध्ये जर्मनीतील डॉर्टमुंड येथे ग्राइलिश आणि सहकाऱ्यांनी पुंजबिंदूंच्या समूहावर लेसरचे ठरावीक तालाचे झोत सोडले. त्या तालाशी ज्या इलेक्ट्रॉनांची घिरटी जुळत नव्हती, त्यांच्या शेजारची केंद्रके हळूहळू अशी सरकली, की अखेर त्या इलेक्ट्रॉनांचाही ताल जुळला. लेसर बंद करून अंधार केला तरी केंद्रकांची ही रचना दशक मिनिटांच्या हिशेबात टिकून राहिली. म्हणजे जवळजवळ एका सामायिकाइतकी! इलेक्ट्रॉन नॅनोसेकंदांत विस्कटतो, आणि त्याचे वैरी समजलेले शेजारी शिकलेला धडा मिनिटेच्या मिनिटे विसरत नाहीत. पुढे २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथील गटाने लेसरच्या साहाय्याने गॅलियम आर्सेनाइडच्या एका पुंजबिंदूतील केंद्रकांना 'थंड' केले. येथे थंड म्हणजे अव्यवस्था कमी केलेली. तापमापकाचा त्याच्याशी संबंध नाही. सुसंगती ३.९ नॅनोसेकंदांवरून ६०८ नॅनोसेकंद झाली, १५६ पट.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा स्पिन असलेली केंद्रके काढूनच का टाकू नयेत, असा प्रश्न सुज्ञ श्रोत्यांच्या मनात आला असेल. संवराच्या पुढे निर्जरा. गॅलियम आणि आर्सेनिक यांच्या बाबतीत ती शक्यच नाही, कारण त्यांचे प्रत्येक स्थिर समस्थानिक स्पिनयुक्त आहे. सिलिकॉनचे तसे नाही. लोणारच्या काळ्या खडकातले सिलिकॉन घ्या किंवा नदीच्या वाळूतले, शंभर अणूंमागे सुमारे पाचच अणू स्पिनवाले, म्हणजे सिलिकॉन-२९ चे निघतील. तेही वेगळे काढता येतात. २०१४ मध्ये सिडनी येथील गटाने दहा लाखांत ८०० इतकेच सिलिकॉन-२९ उरलेला स्फटिक वापरला. त्यात इलेक्ट्रॉनची सुसंगती कोणत्याही हाकेशिवाय १२० मायक्रोसेकंद आणि वारंवार हाका देऊन २८ मिलिसेकंद टिकली.

या आकड्यांनंतर जगभरातील पुष्कळ प्रयोगशाळा गॅलियम आर्सेनाइड सोडून सिलिकॉनकडे वळल्या. काही मित्र म्हणतात, की केंद्रकांना आवरण्यात घालविलेली ती वर्षे वाया गेली. मला ते मान्य नाही. एक तर सिलिकॉन प्रकाश देण्याच्या बाबतीत आळशी आहे. दूरच्या दोन ठिकाणांना प्रकाशकणांनी जोडावयाचे असेल तर गॅलियम आर्सेनाइडच्या कुळाकडे परत यावे लागते. दुसरे कारण २०२५ मध्ये समोर आले. केंब्रिज विद्यापीठातील गटाने एका पुंजबिंदूतील सुमारे १३,००० केंद्रकांना एका सामायिक अवस्थेत आणले, इलेक्ट्रॉनची अवस्था त्या समूहात नेऊन ठेवली, १३० मायक्रोसेकंदांच्या हिशेबात ती तेथे टिकली, आणि पुन्हा इलेक्ट्रॉनमध्ये परत आणून वाचता आली. शंभरात एकोणसत्तर इतक्या अचूकतेने. म्हणजे अजून पुष्कळ काम बाकी आहे. परंतु ज्यांना आवाज बंद करण्यासाठी शिस्त लावली, ते शेजारी आता इलेक्ट्रॉनची वही झाले आहेत. येथे माझी संवर-निर्जरेची उपमा मोडते, हे मी आपण होऊन सांगतो. कर्मपुद्गल आत्म्याचे सोबती होऊन त्याची ठेव सांभाळतात, असे आपले दर्शन सांगत नाही. उपमा जेथे थांबते तेथे तिला थांबू द्यावे. त्या मुलाला मी हेच सांगावयास हवे होते.

विद्यार्थ्यांसाठी आणखी थोडी माहिती. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटी रुपयांहून अधिक खर्चाची राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली असून तिचा कालावधी २०३०-३१ पर्यंत आहे. तिच्या चार केंद्रांपैकी सूक्ष्म मोजमापाचे केंद्र मुंबईच्या आय.आय.टी. मध्ये आहे. या क्षेत्रात भौतिकशास्त्राइतकीच गरज स्फटिक वाढविणाऱ्यांची, अतिशीत यंत्रे सांभाळणाऱ्यांची आणि इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्यांची आहे. गणित मात्र सर्वांनाच लागेल. तेवढी सवलत मी देऊ शकत नाही.

अध्यक्षांनी दिलेला वेळ संपत आला आहे. मागच्या रांगेतील दोन मुलांनी मघापासून हात वर केलेला मी पाहतो आहे. त्यांचे प्रश्न आधी घेऊ. जय जिनेंद्र.